जेरार फिलीप : दोन महायुद्धांच्या सावलीतला नायक

फ्रेंच रंगभूमीचे आणि रुपेरी पडद्याचे लाडके नट जेरार फिलीप यांचे २५ नोव्हेंबर १९५९ रोजी पॅरिसमध्ये कर्करोगाने निधन झाले. वयाची सदतीस वर्षे पूर्ण व्हायला अवघे नऊ दिवस उरले होते. ‘ल सिद’ नाटकातील रॉद्रिगच्या वेशातच त्यांना रामात्युएल या गावी मातीत ठेवण्यात आले.

४ डिसेंबर १९२२ रोजी कान येथे त्यांचा जन्म झाला. वडील हॉटेल व्यवसायात होते. जर्मन सैन्याने फ्रान्स व्यापला, त्या काळात घराची दोन टोके झाली. वडील जर्मनधार्जिण्या पक्षात गेले, तर ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होत असताना मुलगा तिथल्या नगरभवनाच्या लढ्यात उतरला. युद्धानंतर वडिलांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला. त्यांनी स्पेनचा आश्रय घेतला. मुलाने वडिलांची वाट नाकारली, पण त्यांच्याशी नाते तोडले नाही. देशाची निष्ठा आणि मनाची ओढ यांतली ही ओढाताण त्यांनी घरातच अनुभवली होती.

१९४५ मध्ये अल्बेर काम्यू यांच्या ‘कालिगुला’ नाटकातील शीर्षक भूमिकेने ते पॅरिसच्या रसिकांसमोर ठळकपणे आले. दोनच वर्षांनी क्लोद ओतां-लारा यांचा ‘ल दियाब्ल ओ कोर’ हा चित्रपट पडद्यावर आला. वयाच्या विसाव्या वर्षी निवर्तलेल्या रेमों रादिगे यांच्या १९२३ मधील कादंबरीवर तो आधारलेला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात शाळकरी फ्रांस्वा मार्थच्या प्रेमात पडतो. तिचा जोडीदार मात्र आघाडीवर लढतो आहे. युद्ध संपले की हे प्रेमही संपणार, हे दोघांना कळते. चित्रपटाच्या आरंभीच युद्धविरामाच्या घंटा घणघणतात आणि त्याच वेळी मार्थची अंत्ययात्रा निघते. गावाचा आनंद आणि फ्रांस्वाचे दुःख एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात.

मिशलीन प्रेल यांच्यासोबत फिलीप यांनी सतरा वर्षांचा फ्रांस्वा साकारला, तेव्हा त्यांनी स्वतः विशी केव्हाच ओलांडली होती. तरीही त्या पोराचा हट्ट, भित्रेपणा आणि बेफिकिरी त्यांनी कुठेही गोड करून दाखवली नाही. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. शत्रूच्या छावण्यांतून कैदी नुकतेच घरी परतले होते. अशा वेळी सैनिकाच्या पत्नीच्या प्रेमाची कहाणी अनेकांना झोंबली. ब्रुसेल्सच्या महोत्सवात चित्रपट दाखवला जात असताना फ्रान्सचे राजदूत उठून गेले. त्याच महोत्सवात फिलीप यांना अभिनयाचे पारितोषिक मिळाले.

१९५२ च्या ‘फांफां ला त्युलिप’ने त्यांची कीर्ती देशाबाहेर पोहोचवली. पण १९५१ पासून त्यांनी आपले मन जां व्हिलार यांच्या लोकनाट्यगृहाला वाहिले होते. आव्हिन्योंच्या खुल्या प्रांगणात आणि पॅरिसच्या शायो सभागृहात सामान्य माणसाला परवडेल अशा दरात अभिजात नाटके व्हावीत, ही व्हिलार यांची धारणा होती. तिथे नटांची नावे वर्णानुक्रमाने छापली जात. या विख्यात नायकाचे नावही इतरांच्या ओळीतच असे. चित्रपटातील मानधनापुढे नगण्य ठरणाऱ्या वेतनावर ते तिथे काम करीत. पुढे नटांच्या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

युद्धाने त्यांच्या घरात फूट पाडली आणि त्यांच्या फ्रांस्वाचे प्रेम हिरावले. हातात तलवार घेतलेला, प्रेम आणि कर्तव्य यांच्या पेचात सापडलेला रॉद्रिग मात्र त्यांनी अखेरपर्यंत अंगाखांद्यावर वागवला. त्याच वेशात ते भूमध्य समुद्राजवळच्या त्या गावात विसावले आहेत.