पंडिता रमाबाई आणि शास्त्राचा अर्थ

शास्त्र वाचणें आणि शास्त्राचा अर्थ शोधणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलें काम जिव्हेचें. दुसरें बुद्धीचें व अंतःकरणाचें. हीं दोन्ही कामें जन्मभर करणाऱ्या एका महाराष्ट्रीय विदुषीचें चरित्र आम्हीं येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

पंडिता रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा लोकांचा आग्रह असतां त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती भाषा शिकविली. आणि त्या मातेनेंच पुढें कन्येस शिकविलें. पुराणें सांगत व तीर्थयात्रा करीत हें कुटुंब देशभर पायीं फिरलें. पुढें दुष्काळांत आई, बाप व थोरली बहीण यांचा अंत झाला, आणि रमाबाई व बंधु श्रीनिवास हीं दोघेंच उरलीं.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेंच केशवचंद्र सेन यांनीं त्यांस वेदाध्ययनास प्रवृत्त केलें. स्त्रियांनीं वेद वाचूं नयेत असें ज्यांच्या मनावर बाळपणापासून बिंबलें होतें, त्यांनीं आतां वेद व धर्मशास्त्रें स्वतः पाहिलीं. स्त्रीजातीविषयीं ग्रंथांत प्रत्यक्ष काय लिहिलें आहे, हें त्या तपासूं लागल्या. ही तपासणीची संवय पुढें कधीं सुटली नाहीं.

१८८० सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सांपडली. १८८२ सालीं पतीचें निधन झालें, आणि तान्ही मनोरमा कडेवर घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें. पुढच्याच वर्षीं त्या विलायतेस गेल्या. वैद्यक शिकण्याचा हेतु कानांच्या बहिरेपणामुळें सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहत असतां ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या मनाला प्रथम ओढ लागली ती योहानकृत शुभवर्तमानांतील एका कथेनें. मठांतील भगिनी लंडनमध्यें समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करीत. ती पाहून रमाबाईंनीं तिचें कारण विचारिलें, तेव्हां त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली. भर दुपारीं विहिरीवर एक स्त्री पाणी भरावयास येते. येशू तिच्याजवळ पाणी मागतो. आज वाचणाऱ्यास यांत विशेष असें कांहीं वाटणार नाहीं. परंतु त्या काळीं यहूदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत, आणि परक्या स्त्रीशीं रस्त्यावर बोलणें हेंही गुरूला अनुचित समजलें जाई. हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती साधी मागणी केवढी धाडसाची होती हें कळतें.

आमच्या अंबड गांवीं आज कारखान्यांची वसाहत उभी आहे, आणि पुष्कळ मुलांनीं पाणवठा पाहिलाही नसेल. त्यांनीं आपल्या आजीस विचारावें कीं पूर्वीं विहिरीवर कोणी कोणास शिवूं देत असे. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला, हेंही त्यांनीं स्मरावें. मग ही कथा दूरदेशची वाटणार नाहीं.

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनीं विचार करणें सोडलें नाहीं. वाँटेजच्या भगिनींनीं शिकविलेल्या कित्येक मतांना त्यांनीं मूळ ग्रंथाचा आधार मागितला. त्रैक्याविषयीं व धर्माचार्यांच्या अधिकाराविषयीं त्यांचा मठांतील भगिनींशीं दीर्घ पत्रव्यवहार झाला. पुढें चेल्टनहॅमच्या कन्याविद्यालयांत शिकत व संस्कृत शिकवीत असतांही तो वाद चालूच राहिला. क्रुसावरील लेख लॅटिनमध्यें कां असावा, संस्कृतांत कां नसावा, असाही प्रश्न त्यांनीं केला. ज्यांचें मीठ खाल्लें त्यांनाच असें विचारणें सोपें नव्हतें. कित्येकांनीं त्यांस अहंकारी म्हटलें. परंतु न पटलेली गोष्ट पटली असें सांगणें हेंच त्यांस असत्य वाटे.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें. पुढें तें पुण्यास गेलें. तेथें मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, म्हणून मोठा गहजब झाला व कित्येकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. इकडे सनातनी मंडळी त्यांस परकी मानी, तिकडे विलायतेंतील मंडळी हट्टी. त्यानंतर दुष्काळांत त्यांनीं शेंकडों अनाथ स्त्रिया व मुलें केडगांवच्या मुक्ति सदनांत सांभाळलीं.

तेथेंच त्यांनीं आयुष्याचें शेवटचें मोठें काम हातीं घेतलें. बायबलाचें मराठी भाषांतर पूर्वीं झालें होतें. श्रीरामपूरच्या केरीसाहेबांचा नवा करार १८११ सालींच छापला गेला होता. परंतु प्रचारांतील भाषांतराची भाषा खेड्यांतील निरक्षर स्त्रियांस समजत नाहीं, व त्यांतील कित्येक संस्कृत शब्द हिंदु तत्त्वज्ञानांतील निराळे अर्थ बरोबर घेऊन येतात, असें रमाबाईंचें मत झालें. भागवत मुखोद्गत असणाऱ्या विदुषीनें संस्कृत शब्द बाजूस ठेवावे, यांतच त्यांच्या निष्ठेची परीक्षा झाली! त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि मुळाशीं ताडून एकेक वाक्य साध्या मराठींत उतरवूं लागल्या. नवा करार मूळ ज्या ग्रीकांत लिहिला गेला, तीही पंडितांची नसून बाजारांतील लोकांची बोली होती, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम सदनांतील स्त्रियांनींच केलें.

२४ जुलै १९२१ रोजीं एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. म्हातारपणाचा आधार गेला, प्रकृति ढांसळली. तरी लेखणी थांबली नाहीं. अखेरचीं मुद्रितें तपासून झाल्यावर थोड्याच अवधींत, ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईंनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. शब्दशः भाषांतराच्या आग्रहामुळें तो कांहीं ठिकाणीं क्लिष्ट झाला, आणि मंडळ्यांत बायबल सोसायटीचेंच भाषांतर रूढ राहिलें. पण श्रमाचें मोल खपावरून ठरत नसतें.

विद्यार्थिहो, तुम्ही कोणत्याही धर्माचे असा. आपल्या घरीं जो ग्रंथ पूज्य असेल तो वाचतांना रमाबाईंचें उदाहरण पुढें ठेवा. तो कोणत्या काळीं व कोणासाठीं लिहिला गेला, त्यांतील शब्दांचा त्या वेळीं काय अर्थ होता, हें नम्रपणें विचारा. आणि पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांनीं असे प्रश्न विचारले असतां त्यांस दटावूं नये. अनंतशास्त्र्यांनीं घरांतील स्त्रियांपुढें पोथी उघडी ठेविली, म्हणूनच महाराष्ट्रास रमाबाई लाभल्या.