लोकमान्यांची देहयात्रा

ऑगस्टच्या पहिल्या तारखेस शाळाशाळांतून लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांवर भाषणे होतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट त्यांपैकी बहुतेक भाषणांत असते. सांगणाऱ्यास ती पाठ असते आणि ऐकणाऱ्यांसही. ती येथे पुन्हा सांगण्याचे आम्ही योजिलेले नाही. लोकमान्यांचे राजकारण, त्यांचे पत्रकर्तृत्व व त्यांचे पांडित्य यांवर ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु ज्या देहाच्या आश्रयाने हे सारे घडले, त्या देहाचे चरित्र सहसा कोणी सांगत नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात तो देह मधुमेहाने ग्रासलेला होता. ही व्याधी आज आमच्या परभणी जिल्ह्यातील घराघरांत शिरलेली असल्यामुळे, लोकमान्यांनी ती कशी वागविली व तिचे मूळ देहात कोठे असते, हे आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

बळवंतरावांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शिक्षणखात्यात होते. त्यांची बदली झाल्यामुळे १८६६ साली हे कुटुंब पुण्यास आले. मुलगा बुद्धीने तल्लख, पण अंगाने किरकोळ. सोळा वर्षांचा होतो न होतो तोच पितृछत्र हरपले. पुढे डेक्कन कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती दुबळी आहे हे ध्यानात येताच त्याने पहिले वर्ष बहुतांशी तालीम, कुस्ती व पोहणे यांत घालविले. परीक्षेत त्याचा परिणाम व्हावयाचा तो झालाच, आणि अभ्यासात वर्ष मागे पडले. आजचे कोणतेही पालक असे वर्ष आनंदाने पाहतील असे आम्हांस वाटत नाही. तथापि त्या एका वर्षात कमाविलेल्या शरीरानेच पुढे तीन वेळा तुरुंगवास सोसला, हे विसरता येत नाही.

आता चरित्राचा धागा क्षणभर बाजूस ठेवून देहाच्या आत डोकावू.

आपल्या शरीरात ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. लाळेच्या व घामाच्या ग्रंथींना नळी असते. त्यांचा रस नळीवाटे ठराविक जागी जाऊन पडतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळीच नसते. त्यांचा रस सरळ रक्तात मिसळतो व रक्ताबरोबर सर्व देहभर हिंडतो. या रसातील द्रव्यांस हॉर्मोन अथवा संप्रेरक असे म्हणतात. कंठापाशी थायरॉईड ग्रंथी आहे. देहातील ज्वलन मंद चालावे की जलद, हे तिच्या हाती. अन्नात आयोडीन कमी पडले की ती फुगते व गलगंड होतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आहेत. वाटेत पिसाळलेले कुत्रे दिसताच छाती धडधडते व पायांत एकाएकी बळ येते, ते त्यांच्या स्रावाने. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी आहे. सातवी-आठवीतील मुलांचा आवाज फुटू लागतो आणि ती झपाट्याने उंच होऊ लागतात, त्यामागे हिचाच हुकूम असतो. पण ही हुकूम सोडणारी ग्रंथीही बेलगाम नाही. थायरॉईडचा स्राव रक्तात पुरेसा झाला की त्याची वर्दी मेंदूस व पिट्यूटरीस पोहोचते आणि ती आपला हुकूम आवरता घेते. देहाचे सारे राज्य अशा परस्परांच्या धाकावर चालते.

जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड मात्र दोन्ही प्रकारचे काम करते. त्याचा पाचक रस नळीवाटे आतड्यात जातो. पण त्याच्या अंगात लहान लहान पेशीपुंज विखुरलेले असतात, समुद्रात बेटे असावीत तसे. ही बेटे लाखांनी मोजावी इतकी असूनही त्या सर्वांचे वजन स्वादुपिंडाच्या शंभरांत एक-दोन भागांपलीकडे जात नाही. त्यांतून इन्सुलिन नावाचे हॉर्मोन रक्तात उतरते.

त्याचे कार्य आमच्याकडील शेतकऱ्यास चटकन समजेल. पूर्वी सुगीत ज्वारी आली की ती पेवात भरीत आणि नड पडेल तेव्हा पेव उघडीत. आपण भाकरी खातो, तिच्या पिठाची आतड्यात साखर होते व ती रक्तात येते. ही साखर यकृतरूपी पेवात भरावयाची आणि स्नायूंच्या पेशींची दारे उघडून त्यांत पोहोचवावयाची, हे काम इन्सुलिनचे. उपाशीपोटी त्याच बेटांतून ग्लुकॅगॉन नावाचे दुसरे हॉर्मोन सुटते व ते पेव उघडावयास लावते. या दोहोंच्या ओढाताणीमुळे निरोगी मनुष्याच्या दर शंभर मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी साधारणतः ७० ते १०० मिलिग्रॅम साखर राहते. इन्सुलिन आटले, अथवा ते असूनही पेशी त्यास दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तातच तुंबून राहते. ती १८० मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचली म्हणजे मूत्रपिंडांना आवरत नाही. लघवीवाटे ती बाहेर पडू लागते व जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून रोग्यास वारंवार लघवी व अनावर तहान. रक्त साखरेने भरलेले आणि पेशी मात्र उपाशी, अशी ही विपरीत अवस्था आहे. भरल्या खळ्यावर दुष्काळ पडावा त्यातलाच प्रकार!

आमच्या प्राचीन वैद्यांना हा रोग चांगला ठाऊक होता. सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद सांगितले: एक जन्मतःच जडलेला, त्यातला रोगी कृश, दुसरा अपथ्याने ओढवलेला, त्यातला रोगी बहुधा स्थूल. आजचे वैद्यकही मधुमेहाचे मुख्य प्रकार दोनच मानते आणि ते सुश्रुताच्या भेदांशी पुष्कळ अंशी जुळतात. मात्र रोगाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८६९ साली, बळवंतराव पुण्यात शाळेत जात होते तेव्हा, जर्मनीतील लँगरहॅन्स या विद्यार्थ्यास सूक्ष्मदर्शकाखाली ती बेटे प्रथम दिसली. ती कशासाठी आहेत हे मात्र त्यास उमगले नाही. १८८९ साली मिंकोव्स्की व मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या कुत्र्यास मधुमेह झाला. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी दाखविले की, आतड्याकडे जाणाऱ्या मज्जा तोडल्या तरी आतडे स्वादुपिंडास रक्तावाटे निरोप धाडते. अशा निरोप्या द्रव्यांस १९०५ साली स्टार्लिंगने चेतविणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून हॉर्मोन हे नाव दिले.

इतके ज्ञान जगात जमा झाले होते, तरी त्याचा कणभरही उपयोग रोग्यास नव्हता. आणि याच सुमारास लोकमान्यांच्या आयुष्यातील सर्वांत बिकट पर्व सुरू झाले.

१८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांसह १०१ दिवस आणि १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेपैकी सुमारे एक वर्ष, इतका कारावास त्यांनी आधीच भोगला होता. दुसऱ्या वेळी तर प्रकृती फार खालावली होती. १९०८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या हायकोर्टात त्यांच्यावर पुन्हा राजद्रोहाचा खटला उभा राहिला. त्यांनी आपला बचाव आपणच केला व सुमारे एकवीस तास भाषण केले. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वयास ५२ वर्षे पूर्ण व्हावयाची होती. पुढे सरकारने वय व प्रकृती पाहून ती साध्या कैदेत बदलली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडाले येथे ठेवले.

मंडालेची ती कोठडी लाकडी गजांची, पिंजऱ्यासारखी. उन्हाळ्यात हवा भट्टीसारखी तापे. मधुमेही मनुष्यास तहान आधीच अधिक, त्यात हा उकाडा. औषध म्हणावे असे त्या काळी पृथ्वीवर कोठेच नव्हते. युरोप-अमेरिकेतील थोर डॉक्टरही लघवी निळ्या द्रावणाबरोबर उकळून, ती विटकरी झाली की साखर आहे असे ठरवीत आणि रोग्याचे अन्न तोडीत. याहून अधिक त्यांच्या हाती नव्हते. पिष्टमय अन्न जितके कमी, तितकी रक्तात साखर कमी. इन्सुलिनचे काम रोग्याने आपल्या जिभेवरील ताब्याने करावयाचे, असा तो उपाय होता. लोकमान्यांनी तुरुंगात आहाराचे नियमन पाळून व्याधी आटोक्यात ठेविली. त्यांच्या स्वयंपाकास एक महाराष्ट्रीय कैदी दिलेला होता. दिवसाचा बहुतेक वेळ वाचनात जाई. त्यांच्याजवळ शेकडो ग्रंथ जमले होते.

नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या अवघ्या पाच महिन्यांत, त्या कोठडीत, शिसपेन्सिलीने त्यांनी गीतारहस्याचे हस्तलिखित पूर्ण केले. मेंदूचे इंधन मुख्यत्वे साखर होय आणि ते त्यास सतत लागते. ज्या देहात साखरेचा कारभार बिघडलेला, त्या देहातून इतके दीर्घ व सुसंगत विवेचन उतरले, याचे आम्हांस त्यांच्या खटल्यातील भाषणाहूनही अधिक आश्चर्य वाटते. वाचकांचे मत निराळे असू शकेल. योगायोग असा की, १९०९ साली लोकमान्य मंडालेस असतानाच बेल्जियममधील डी मायर या शास्त्रज्ञाने त्या बेटांतील अज्ञात द्रव्यास, ते हाती लागण्यापूर्वीच, बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून इन्सुलिन हे नाव सुचविले. नाव झाले; द्रव्य कोठेच नव्हते.

जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. ती वार्ता त्यांना तुरुंगात तारेने कळली. जून १९१४ मध्ये रात्रीच्या वेळी सरकारने त्यांना पुण्यास त्यांच्या घरी आणून सोडले. वह्या मात्र सरकारने ठेवून घेतल्या होत्या. त्या कालांतराने परत मिळाल्या व १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. यानंतर तरी विश्रांती घ्यावी, असे कोणासही वाटले असते. त्यांनी १९१६ साली होमरूल लीग स्थापिली, गावोगाव दौरे काढले आणि सप्टेंबर १९१८ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, चिरोल खटल्यासाठी इंग्लंडला प्रयाण केले. तेथून ते पुढच्या वर्षाच्या अखेरीस परतले.

जुलै १९२० मध्ये मुंबईस सरदारगृहात त्यांना ज्वर आला. तो हटेना. मधुमेही देहास साध्या तापाशीही दुप्पट झुंजावे लागते, कारण ज्वरात ॲड्रिनल ग्रंथींचे स्राव वाढतात आणि ते इन्सुलिनच्या उलट दिशेने ओढून साखर चढवितात. १ ऑगस्टच्या प्रारंभी, मध्यरात्र उलटल्यावर, लोकमान्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे दोनच्या सुमारास, कॅनडातील लंडन या गावी फ्रेडरिक बँटिंग नावाचा २८ वर्षांचा एक तरुण शस्त्रवैद्य झोपेतून उठला व त्याने आपल्या वहीत काही ओळी खरडल्या. स्वादुपिंडाची नळी बांधून टाकावी म्हणजे पाचक रस आटेल व बेटांतील द्रव्य शाबूत हाती येईल, अशी ती कल्पना होती. टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी त्यास जागा दिली, बेस्ट नावाचा विद्यार्थी जोडीस दिला, आणि १९२१ च्या उन्हाळ्यात कुत्र्यांवर प्रयोग झाले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास ते द्रव्य प्रथम टोचले. ते पुरेसे शुद्ध नव्हते. कॉलिप याने ते अधिक शुद्ध केले. २३ जानेवारीपासून पुन्हा टोचताच मुलाची साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षे जगला. बँटिंग, बेस्ट व कॉलिप या तिघांनी आपला हक्क विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला.

इन्सुलिन दोन वर्षे आधी लाभते तर लोकमान्य वाचते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा अंत ज्वराने झाला, आणि इतकी वर्षे केवळ पथ्यावर निभावला तो मधुमेह बहुधा सुश्रुताच्या दुसऱ्या प्रकारचा असावा. त्यात इन्सुलिन सर्वस्वी आटलेले नसते व पथ्याचा काही उपयोग होतो. पहिल्या प्रकारात, जो पुष्कळदा मुलांनाच गाठतो, पथ्य कितीही पाळले तरी १९२२ पूर्वी मृत्यू टळत नसे. अशी मुले आज डबा उघडण्यापूर्वी पोटावर वा मांडीवर सुई टोचून घेतात, आणि मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्गात येऊन बसतात.