फुलं ओवणाऱ्या घरातली सावित्री

मैत्रिणींनो, सावित्रीबाई फुले यांच्याबद्दल शाळेत आपण सगळ्याच शिकलो. पण 'फुले' हे आडनाव त्यांच्या घरात आलं कुठून, हे किती जणींना ठाऊक असेल? आमच्या वसईत अंगणात फुलझाड नाही असं घर विरळा, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

जोतिरावांचं मूळ घराणं गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. आजोबा शेटिबा पुण्यात आले. त्यांचे तीन मुलगे राणोजी, कृष्णा आणि गोविंद फुलांच्या कामात तयार झाले. नुसते हार-गजरे नव्हेत बरं का! फुलांच्या गाद्या, फुलांच्या चादरी, फुलांच्या छत्र्या असलं नाजूक काम त्यांच्या हातात होतं. पेशव्यांच्या घरी हे काम जायचं. त्याबद्दल त्यांना ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि लोक त्यांना गोऱ्हेऐवजी फुले म्हणू लागले. हातातल्या कलेनं आडनाव बदललं, ते असं.

या घरात १८४० साली सावित्री सून म्हणून आली. वय अवघं नऊ वर्षं. जन्म ३ जानेवारी १८३१ चा, गाव नायगाव. आपल्याकडे नायगाव म्हटलं की भाईंदरची खाडी ओलांडल्यावर लागणारं स्टेशन डोळ्यांपुढे येतं, पण हे नायगाव साताऱ्याकडचं, खंडाळा तालुक्यातलं. वडील खंडोजी नेवसे पाटील. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी घरीच शिकवायला सुरुवात केली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. शाळेत जाताना लोक अंगावर चिखल-शेण टाकत. सावित्रीबाई जवळ दुसरं लुगडं ठेवत, शाळेत पोचल्यावर बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. पुढच्याच वर्षी नवरा-बायकोला सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला.

एवढ्या धामधुमीत ही बाई लिहीतही होती. १८५४ साली त्यांचा कवितासंग्रह आला. नाव काय, तर 'काव्यफुले'! त्यात पिवळा चाफा आहे, जाई आहे. आपल्या निर्मळ, आगाशी, अर्नाळा भागातल्या वाड्यांत पहाटे बायका जो सोनचाफा खुडतात, तोच हा पिवळा चाफा. दादरच्या फुलबाजारासाठी लोकलनं टोपल्या नेणाऱ्या आपल्या बायकांना कुणीतरी हे सांगायला हवं, की तुम्ही विकता त्या फुलावर सावित्रीबाईंनी कविता केली आहे.

पण मला त्यांच्या आयुष्यातली वेगळीच गोष्ट टोचत राहते. त्या काळी अनेक घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन करत. जिथे केसच नाहीत, तिथे गजरा कुठला? फुलांच्या घरात आलेल्या या सुनेनं बायकांच्या वाट्याला आलेलं हे ओसाडपण पाहिलं. १८६३ साली पती-पत्नींनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं सावित्रीबाईंच्या देखरेखीखाली होत. त्यातल्याच काशीबाई नावाच्या विधवेचं मूल, यशवंत, त्यांनी दत्तक घेतलं आणि डॉक्टर केलं. पुढे १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचं ठरवलं. तेही याच चळवळीचं फळ.

सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, त्यात सावित्रीबाई पुढे होत्या. ना भटजी, ना हुंडा, ना बडेजाव. वधू-वरांनी एकमेकांना शपथ द्यायची आणि हार घालायचे. फुलांचा याहून सुंदर उपयोग कोणता?

१८९० च्या नोव्हेंबरात जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं हाती धरून सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंतांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता मला विचारायचंय ते हे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनंही इतर गावांना तसं सुचवलं. कागदावर झालं, छान झालं. पण आपल्या हळदीकुंकवात? दिवसभर दुसऱ्यांसाठी मोगऱ्याचे गजरे ओवणारी बाई स्वतःच्या अंबाड्याला एक कळी लावायला कचरते, हे मी आमच्याच गल्लीत बघते. तिला कोणी उघड नको म्हणत नाही, पण कोणी 'घे गं' असंही म्हणत नाही.

म्हणून येत्या ३ जानेवारीला एक करू या. फोटोला प्लॅस्टिकचा हार नको. केळ तर आपल्या वाडीत असतेच. तिचं सोपट वाळवून, चिरून, जरा ओलं केलं की मऊ दोरा मिळतो. त्यात सोनचाफा, तगर आणि मधे मधे तुळशीच्या मंजिऱ्या ओवा. दोऱ्यासकट सगळं झाडाच्या मुळाशी खत होऊन जातं. आणि हार करून उरलेल्या फुलांचे छोटे गजरे करा. पहिला गजरा त्या बाईला द्या, जिला कोणी देत नाही. नुसता हातात देऊन थांबू नका, तिच्या केसांत माळा.