शहाजीराजांची शेवटची दौड

उत्सवाच्या अंकात संतचरित्रं वाचण्याची आपल्याला सवय आहे. यंदा मी एका संसारी, लढवय्या पुरुषाची कथा सांगतो. ते म्हणजे शहाजीराजे भोसले. मी नागापूरचा. आमच्या भागात शहाजीराजे म्हटलं की शिवरायांचे वडील, एवढ्यावरच बोलणं संपतं. पण आपल्या नगरशी त्यांचं नातं जन्माच्या आधीपासूनचं आहे.

वेरूळच्या मालोजीराजांना मूल होत नव्हतं. त्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि पुढे झालेल्या मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा नगरजवळच्या भातवडीला, म्हणजे आजच्या भातोडीला, येऊन भिडल्या. मलिक अंबरनं तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात घातली आणि निजामशाही जिंकली. शहाजीराजांचं नाव दख्खनभर झालं, पण धाकटा भाऊ शरीफजी त्याच रणात पडला. एकाच लढाईत घरात कीर्तीही आली अन् सुतकही आलं.

१६३३ साली दौलताबाद पडलं. तरी राजांनी हार मानली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पेमगिरीवर त्यांनी निजामशाहीच्या एका लहान मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः चालवला. १६३६ साली माहुलीला शस्त्र ठेवावं लागलं. मग आदिलशाहीची चाकरी पत्करून ते कर्नाटकात गेले आणि बेंगळुरूला राहिले. पुण्याची जहागीर जिजाबाई आणि बाळ शिवाजी यांच्याकडे राहिली. १६४८ साली जिंजीजवळ राजांना कैद झाली, पुढच्या वर्षी सुटका झाली. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला मारला गेला. एवढं सगळं सोसून हा माणूस घोड्यावरच राहिला.

आणि घात झाला तो शिकारीत! २३ जानेवारी १६६४. आजच्या दावणगेरे जिल्ह्यातल्या चन्नगिरीजवळ, होदिगेरेच्या डोंगराळ रानात राजे सावजामागे लागले होते. जन्म १५९४ चा धरला तर वय सत्तरीच्या घरात. भरधाव घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि राजे खाली आले ते उठलेच नाहीत. तोफा-तलवारींनी जे केलं नाही, ते एका ठेचेनं केलं. त्यांची समाधी तिथंच आहे.

त्याच महिन्यात शिवराय सुरतेच्या मोहिमेवर होते. बातमी राजगडावर आली तेव्हा जिजाबाई सती जायला निघाल्या, असं बखरी सांगतात. मुलानं विनवण्या करून त्यांना थांबवलं. त्या थांबल्या म्हणून १६७४ चा राज्याभिषेक त्यांच्या डोळ्यांनी पाहता आला. त्यानंतर बाराएक दिवसांतच, १७ जूनला, त्यांनी देह ठेवला. बघा, दुःखाच्या भरात घेतलेला निर्णय मागे घेतला तर केवढं हाती लागतं!

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या वयस्कर गृहस्थांनी ध्यानात धरावी अशी आहे. एक मुलगा पुण्याकडे, दुसरा व्यंकोजी कर्नाटकात, मालमत्ता दोन मुलखांत पसरलेली, आणि वडील अचानक गेले. तेरा वर्षांनी, १६७७ साली, शिवराय दक्षिणेत गेले तेव्हा वडिलांच्या दौलतीतल्या वाट्यावरून दोघा भावांत बिनसलं. गोष्ट लढाईपर्यंत गेली. शेवटी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई शहाणपणानं वागल्या आणि समेट झाला. एवढ्या थोर घरात जे घडलं, ते आपल्या चार खणांच्या घरात घडायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. सत्तरी आली म्हणून घोड्यावरून उतरावंच असं नाही. कामात राहावं, हिंडावं-फिरावं. पण मुलांना एकत्र बसवून, काय कोणाचं हे हसतखेळत सांगून ठेवावं. शेत, घर, दागिने, देणंघेणं, सगळं. घोड्याचा पाय कधी अडकेल, हे घोड्यालाही ठाऊक नसतं.