गोविंद सदाशिव घुर्ये : समाजाचा अभ्यास आणि अभ्यासाची भाषा

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढला की जुन्नरचा प्रदेश लागतो. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन प्राकृत लेख कोरलेला आहे. या घाटाच्या दोन्ही अंगांना महादेव कोळ्यांची वस्ती असून खालच्या पट्ट्यात त्यांच्या जोडीला ठाकूर व कातकरी आहेत. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ठाकरी व कातकरी या बोली मराठीच्या कक्षेत गणल्या गेल्या. बोली मराठीची ठरली म्हणून ती बोलणारा समाजही बृहत् समाजाचाच घटक ठरतो काय, हा प्रश्न भाषाशास्त्राने तेथेच सोडला. त्याचे निःसंदिग्ध, आणि म्हणूनच वादग्रस्त, उत्तर देणारे विद्वान म्हणजे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये.

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे झाला. शालेय शिक्षण मुंबई व जुनागढ येथे आणि उच्च शिक्षण मुख्यतः एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. विषय संस्कृत होता. १९१८ साली ते एम.ए. झाले, तेव्हा संस्कृतचा अध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य सरळ रेषेत जाईल असेच वाटत होते. परंतु १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले आणि या नव्या विषयाच्या शिष्यवृत्तीवर घुर्ये इंग्लंडला गेले. लंडनमध्ये हॉबहाउस यांच्याकडे ते फार रमले नाहीत. केंब्रिजमध्ये मात्र त्यांना रिव्हर्स भेटले. नातेसंबंध दाखविणारे शब्द हे समाजरचनेचे अवशेष असतात, त्यांच्या आधारे विवाहाचे व कुळाचे जुने नियम शोधता येतात, ही रिव्हर्स यांची दृष्टी. संस्कृत व्याकरणात मुरलेल्या विद्यार्थ्याला ती आपलीशी वाटली असल्यास नवल नाही. १९२२ साली रिव्हर्स अकस्मात वारले. घुर्ये यांनी प्रबंध हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पुरा केला. या संस्काराची खूण पुढे १९५५ सालच्या इंडो-युरोपीय कुटुंब व नातेव्यवस्थेवरील ग्रंथात स्पष्ट उमटली.

१९२४ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ साली निवृत्त होईपर्यंत त्याच पदावर राहिले. १९३२ सालच्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथाने त्यांची कीर्ती झाली. तथापि त्यांचे खरे कर्तृत्व विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या संशोधनात आहे. सुमारे ८० प्रबंध त्यांच्या देखरेखीखाली झाले. इरावती कर्वे यांनी १९२८ साली चित्पावनांवर प्रबंध लिहिला तो त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. म्हैसूरमधील विवाह व कुटुंब यांवर एम. एन. श्रीनिवास यांनी एम.ए.साठी केलेले काम त्यांच्याच विभागातले. आपण ज्या समाजात वाढलो त्याच्या चालीरीती विद्यार्थ्याने टिपाव्यात, हा विषयनिवडीचा पायंडा बराचसा या विभागाने पाडला.

येथे एक उणीव मात्र नजरेआड करता येत नाही. माहिती मराठीत मिळे आणि प्रबंध इंग्रजीत लिहिला जाई. मराठी मुलुखात अनेक जातींमध्ये जावई सासऱ्याला मामा म्हणतो आणि सून सासूला आत्या म्हणते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा या दोन शब्दांत साठवलेली आहे. इंग्रजीत हेच शब्द सामान्य काका-मावशीच्या रांगेत जाऊन बसतात, आणि मग प्रथा वेगळ्या परिच्छेदात समजावून सांगावी लागते. नात्याच्या शब्दांचे मोल रिव्हर्स यांच्याकडून शिकलेल्या गुरूच्या विभागात असे घडावे, हे चमत्कारिकच होय. मुरबाडच्या शेजारच्या बदलापूरविषयी ना. गो. चापेकरांनी १९३३ साली मराठीतच पुस्तक लिहिले होते. विद्यापीठाबाहेरच्या एका निवृत्त न्यायाधीशाला जे सुचले ते विद्यापीठाच्या चौकटीत बसले नाही. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील अभ्यास (१९३४) आणि ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील ग्रंथ (१९६०) हे दोन्ही इंग्रजीच. इरावतीबाईंनी ‘मराठी लोकांची संस्कृती’ (१९५१) मराठीत लिहिली, ती गुरूच्या वाटेने नव्हे, स्वतःच्या.

आदिवासींविषयीची घुर्ये यांची भूमिका १९४३ साली पुण्याच्या गोखले संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आली. व्हेरिअर एल्विन यांनी आदिवासींना बाहेरच्या संपर्कापासून जपण्याचा आग्रह धरला होता. घुर्ये यांना तो मान्य नव्हता. आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू, त्यांची दैना हिंदूंच्या सान्निध्याने नव्हे तर ब्रिटिशांच्या जमीनधोरणाने व कायद्याने झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसरा भाग आजही वजनदार वाटतो. पहिला भाग मात्र जनगणनेच्या वर्गीकरणावर आणि उपासनेच्या साम्यावर फार विसंबतो. कोळी, ठाकूर वा कातकरी स्वतःला काय म्हणवतात, या प्रश्नाला त्यात गौण जागा मिळते. १९५७ सालच्या महादेव कोळ्यांवरील ग्रंथामागेही हीच दृष्टी आहे. शेजाऱ्यांशी असलेले साम्य तीत ठळक दिसते. जव्हारच्या मुकणे राजांची परंपरा सांगणाऱ्या या समाजाचा स्वतःविषयीचा अभिमान तिच्यात सहजासहजी मावत नाही.

१९५१ साली त्यांनी इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना केली. पुढल्या वर्षी तिचे नियतकालिक निघाले. निवृत्तीनंतर त्यांची लेखणी अधिकच वेगाने चालली. पुण्याजवळील लोणीकंद गावाची पाहणी थॉमस कोट्स यांनी १८१९ साली केली होती. त्याच गावाचा घुर्ये यांनी पुन्हा अभ्यास करून १९६० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सव्वाशे वर्षांनी त्याच शिवारात उभे राहून पाहण्याची ही कल्पना त्यांच्या ग्रंथालयप्रधान पद्धतीला सुखद अपवाद ठरते. १९७३ साली आत्मचरित्र आले, तेही इंग्रजीत. २८ डिसेंबर १९८३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.