भास्कराचार्य आणि क्षणाचा वेग

वाशिमहून कारंज्याला निघालेली एसटी मंगरुळपीरच्या स्टँडवर थांबते, चढाला हळू होते, मोकळ्या रस्त्यावर पळते. एकूण अंतराला लागलेल्या वेळेने भागले की सरासरी वेग मिळतो. पण वासरू अचानक आडवे आले, तर ड्रायव्हरच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो त्या क्षणी काट्यावर असलेला वेग. नाडीचेही तसेच. मिनिटाला ७२ ठोके ही सरासरी झाली. श्वास घेताना ठोके जरा लवकर पडतात, सोडताना सावकाश. ईसीजीच्या पट्टीवर दोन ठोक्यांमधले अंतर मोजले की हा फरक दिसतो.

बदलत्या वेगाचा हाच प्रश्न पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांपुढे आकाशात उभा होता.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड. ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरातले की आणखी कुठले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे भाग चार: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

शाळेतला ‘क्ष’ या बीजगणितात रंगांची नावे घेऊन येतो. पहिली अज्ञात संख्या ‘यावत्तावत्’, मग काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसते या, का, नी. रंगांची ही पद्धत ब्रह्मगुप्तापासूनची, पण भास्कराचार्यांनी ती किती सहज वापरली ते एका उदाहरणात दिसते. चौघांची मालमत्ता सारखीच आहे. पहिल्याकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरे, ७ बैल. दुसऱ्याकडे याच क्रमाने ३, ७, २, १. तिसऱ्याकडे ६, ४, १, २. चौथ्याकडे ८, १, ३, १. एकेका जनावराची किंमत किती? घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ आणि बैल ४ धरला, तर प्रत्येकाची मालमत्ता ८५३ भरते. (बैलाचा हा भाव पोळा साजरा करणाऱ्यांना रुचणार नाही.) पण चारही किमती दुप्पट केल्या, तिप्पट केल्या, तरी हिशेब जुळतोच. म्हणजे इथे अक्षराआड एकच संख्या लपलेली नाही. ते अनेक किमती घेऊ शकते आणि एक बदलली की बाकीच्याही बदलतात. आजच्या भाषेत हेच ‘चल’.

ग्रहगणितात तर बदलणाऱ्या राशींशीच सारा व्यवहार. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंशांहून थोडा अधिक सरकतो, प्रत्यक्षात कधी १२ च्या आसपास, तर कधी १५. आजचे स्थान उद्याच्या स्थानातून वजा करायचे आणि त्यालाच गती म्हणायचे, ही रीत सूर्याला चालून जाते. चंद्राला नाही. तो सूर्याच्या पुढे दिवसाला सुमारे १२ अंश जातो. हा आकडा एका अंशाने चुकला, तर सहा तासांनंतरच्या तिथीची किंवा ग्रहणाची वेळ अर्ध्या तासाच्या आसपास चुकते.

म्हणून भास्कराचार्यांनी स्थूल गती आणि तात्कालिक गती असे दोन भेद स्पष्ट केले. ग्रहाच्या सरासरी स्थानाला जी दुरुस्ती करावी लागते, ती कोनाच्या ज्येवर अवलंबून असते. ती ज्या एखाद्या क्षणी किती झपाट्याने बदलते, हे मात्र कोज्येवरून ठरते. कोज्या शून्य होते तिथे दुरुस्ती सर्वांत मोठी असते, पण त्या क्षणी ती वाढतही नाही, घटतही नाही. म्हणून ग्रहाची खरी गती तिथे सरासरीइतकीच असते. असा नियम दहाव्या शतकातल्या मुंजालानेही वापरला होता. त्यामागचे कारण भास्कराचार्यांनी उलगडले. पुण्यात जन्मलेल्या आणि नागपुरात लीलावती शिकलेल्या बापूदेव शास्त्रींनी १८५८ मध्ये हे विद्वानांच्या नजरेस आणले. यावरून भास्कराचार्यांना सगळ्या कलनशास्त्राचे जनक ठरवणे जास्तीचे होईल. आहे तेवढे पुरेसे मोठे आहे.

त्यांची मध्यरेषा उज्जैनवरून जाणारी. वाशिम तिच्या पूर्वेला, त्यामुळे इथे सूर्य उज्जैनच्या सुमारे पाच मिनिटे आधी माथ्यावर येतो. स्थळ बदलले की बदलणारे हे देशांतरही त्यांच्या हिशेबात असे.

घटिकापात्रात मोती अडकला, पाण्याचा ओघ थांबला आणि लेकीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही लीलावतीची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. ती येते फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशे वर्षांनंतर. तिला इतिहास म्हणता येत नाही.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पंचांगाचे गणित सोप्या रीतींनी करता यावे यासाठी. मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी गेला. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. १२०७ चा त्याचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला तो मुंबईच्या एका डॉक्टरांनी, भाऊ दाजी लाड यांनी. त्या मठाला कोणी काय द्यायचे, हे शिलालेखाच्या अखेरीस जुन्या मराठीत कोरले आहे.