गणेश दैवज्ञ
गणेश दैवज्ञ (जन्म: सुमारे इ.स. १५०७) हे कोकणातील ज्योतिर्गणिती होते. ज्या-कोष्टके, म्हणजेच साइनच्या सारण्या, न वापरता ग्रहगणित करण्याची रीत सांगणाऱ्या ग्रहलाघव या ग्रंथामुळे ते प्रसिद्ध आहेत.

जीवन
त्यांचा जन्म नंदिग्राम, म्हणजे रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळचे नांदगाव, येथे झाला. ग्रहकौतुककार केशव दैवज्ञ हे त्यांचे वडील व गुरू. ते स्वतः आकाशाचे वेध घेत. ग्रहलाघव शके १४४२ (इ.स. १५२०) मधील असून गणेशांनी तो तेराव्या वर्षी रचला, अशी परंपरा आहे. तिथिचिंतामणी (१५२५) आणि लीलावतीवरील बुद्धिविलासिनी टीका (१५४५) हे त्यांचे अन्य ग्रंथ होत.

गणितपद्धती
कलियुगारंभापासून दिवस मोजल्यास संख्या फार मोठ्या होतात. म्हणून गणेशांनी सुमारे ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र घेतले. सूर्याचे मध्यम व स्पष्ट स्थान यांतील अंतर, म्हणजे मंदफल, काढण्यासाठी त्यांनी सोपा नियम दिला. भुजाच्या अंशांना ९ ने भागावे. तो भागाकार २० मधून वजा करून बाकीला त्याच भागाकाराने गुणावे. या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करावा व उरलेल्या संख्येने मूळ गुणाकारास भागावे. भुज ९०° असता उत्तर सुमारे २° ११′ येते. हेच कमाल फल धरून ३०° भुजासाठी साइनने केलेल्या गणिताशी तुलना केल्यास फरक केवळ १२ विकला, म्हणजे अंशाचा तीनशेवा भाग, पडतो.

प्रभाव व मर्यादा
गोदावरीकाठच्या गोलग्रामचे दिवाकर दैवज्ञ हे त्यांचे शिष्य होते. दिवाकरांचे पुत्र मल्लारी व विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या. महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके या ग्रंथावरून होत. एकोणिसाव्या शतकात मात्र पंचांगातील ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनाशी झाली. त्याचे मुख्य कारण साइन टाळणे हे नव्हते. ग्रहांच्या मध्यम गतींतील सूक्ष्म चूक वर्षानुवर्षे साचत गेली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो नव्या वेधांवर आधारलेला होता.

आजचे संगणकही साइनचे मूल्य काढताना बहुपदी किंवा सारण्या यांसारखी आसन्न साधने वापरतात. किती चूक चालेल हे आधी ठरवून तेवढेच श्रम करावेत, हा विचार गणेशांच्या पद्धतीतही दिसतो.